लोकांची दुखणी

अमरावतीत माणसाला ताप आला की तिसऱ्या दिवशी त्याची विडाल होते. डॉक्टरांनी सांगितली नाही तर नातेवाईक सांगतात. ‘जेवण झालं का?’च्या खालोखाल आमच्याकडे विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘विडाल केली का?’ फर्नां विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९६ मध्ये ही टायफॉइडची चाचणी रूढ केली. आपलं नाव वऱ्हाडातल्या गल्लीबोळांत जाईल आणि बाया ते ‘इडाल’ असं उच्चारतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. तिच्यावर किती भरवसा ठेवावा याबद्दल शहाणे डॉक्टर आता नाक मुरडतात, पण गल्लीत तिचा मान कायम आहे. पॉझिटिव्ह आली की माणूस खरा आजारी. त्याला मऊ भात मिळतो, भेटायला पाहुणे येतात, कचेरीत रजा मंजूर होते.

माझी विडाल कधीच पॉझिटिव्ह आली नाही. अंगावर पोळी भाजून निघेल असा ताप असायचा, छातीत कफ घरघरायचा, आणि संध्याकाळी कागद यायचा: निगेटिव्ह. सासूबाई तो कागद उजेडात धरून पाहायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, “इडाल त निंगेटिव हाय म्हने. मंग काहून पडून रायली हे?” डेंग्यूच्या प्रतिपिंडांची चाचणीही तशीच. माझ्या नावावर एकही धड आजार लागत नव्हता आणि मी मात्र दर हिवाळ्यात न्यूमोनिया, बारमाही सायनस आणि वाहता कान असा संसार सांभाळत होते. शाळेत शिकवताना खोकल्याची उबळ आली की मुली आपसूक पाढे म्हणायला लागत, इतकी त्यांना सवय झालेली.

उलगडा फार सोपा होता. विडाल काय किंवा डेंग्यूची ती चाचणी काय, जंतूंना शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना शोधते. आणि माझं शरीर प्रतिपिंडं बनवतच नाही. म्हणजे बनवतं, पण एखादं सरकारी खातं काम करतं तेवढंच. मला खरोखर टायफॉइड झाला असता तरी माझा कागद निगेटिव्हच आला असता.

गंमत अशी की हे सगळं माझ्या फायलीत लिहिलेलं होतं. वऱ्हाडातला रुग्ण फाइल म्हणजे साडीच्या दुकानाची पिशवी बाळगतो. माझ्याही पिशवीत यकृताच्या तपासणीचे कागद होते. त्यात एकूण प्रथिनं लिहितात, खाली अल्ब्युमिन, त्याच्या खाली ग्लोब्युलिन. सगळे बिलीरुबिनकडे बघतात, कावीळ नाही म्हणून खूश होतात आणि कागद परत पिशवीत. माझा ग्लोब्युलिनचा आकडा वर्षानुवर्षं तळाशी होता. प्रतिपिंडं ही त्या ग्लोब्युलिनातच येतात, तेव्हा तो आकडा सतत खाली असेल तर विचारायला हवं होतं. अकोल्यात माझं माहेर. तिथल्या एका फिजिशियनने पिशवी टेबलावर उपडी केली, जुने कागद तारखेवार लावले आणि त्या आकड्यांखाली पेनाने रेघा ओढल्या. मग म्हणाले, “ताई, एक तपासणी राहिली आहे.” ती तपासणी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं माप: आयजीजी, आयजीए, आयजीएम. मोठ्या माणसाचं आयजीजी साधारण सातशे ते सोळाशे मिलिग्रॅम असतं, दर शंभर मिलिलिटर रक्तद्रवात. माझं इतकं कमी होतं की लॅबवाल्याने पुन्हा रक्त मागवलं.

कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी, सीव्हीआयडी, हे त्या दुखण्याचं नाव. लहानपणापासून दिसेलच असं नाही. पुष्कळांना तरुणपणी किंवा त्याच्याही पुढे गाठतं, आणि निदानाला बहुधा कित्येक वर्षं लागतात. पंचवीस ते पन्नास हजारांत एखाद्याला असतं म्हणतात. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती. मी फळ्यावर करते तसा भागाकार केला. गावात आम्ही तेरा ते सव्वीस जण असायला हवेत. मला आजवर एकही भेटलेला नाही. बाकीचे बहुतेक विडाल करून घेत असावेत.

पुढच्या तपासण्यांसाठी परळला जावं लागलं. संध्याकाळी अमरावती एक्स्प्रेसमध्ये बसायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला मागे टाकत डुलक्या घ्यायच्या आणि उजाडता उजाडता दादरला उतरायचं. परळ हे एक अजब ठिकाण आहे. केईएम, वाडिया, टाटा आणि हाफकिन, सगळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. वाडियात माझ्यासारखीच, पण एवढीएवढी पोरं येतात. केईएमच्या आवारात आयसीएमआरची ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था आहे, तिथे रक्तातल्या बी पेशी मोजतात. उंच इमारतीतल्या त्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत असताना मनात आलं की १८९७ च्या जानेवारीत याच मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लस शरीराला शिकवते. माझं शरीर त्या वर्गात मागच्या बाकावर बसतं आणि काहीही उतरवून घेत नाही. अशा विद्यार्थिनी मला माहीत आहेत. त्यांना दुसऱ्यांची वही द्यावी लागते.

ती वही द्यायची युक्ती एका लष्करी डॉक्टरची. कर्नल ऑग्डेन ब्रुटन वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड इस्पितळात होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता, त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकसचा जंतुसंसर्ग रक्तात उतरायचा. त्याच्या रक्तद्रवाचं इलेक्ट्रोफोरेसिस केलं तर गॅमा ग्लोब्युलिनचा पट्टाच गायब. ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला कातडीखाली गॅमा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि पोरगा सुधारला. १९५२ मध्ये त्यांनी हे छापलं. ते औषध तरी तयार कुठून मिळालं? दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोहन यांनी थंड अल्कोहोल वापरून रक्तद्रवातली प्रथिनं वेगवेगळी करायची रीत बसवली होती. त्यांना हवं होतं अल्ब्युमिन, जखमी सैनिकांसाठी. गॅमा ग्लोब्युलिन त्याच कामात बाजूला निघालं. कुणाच्या तरी लढाईत काय उरतं आणि ते कुणाला उपयोगी पडतं, याचा हिशेब लागत नाही.

वऱ्हाडाला ही कल्पना खरं तर परकी नाही. पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात कुणाचा पाय घोणशीवर पडला की त्याला इर्विन इस्पितळात आणतात आणि सर्पविषावरचा उतारा देतात. तो म्हणजे घोड्याची प्रतिपिंडं. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं रक्त शिकतं आणि त्याचं शिकलेलं आपल्या नसांत उतरवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच इलाज. घोड्याचं रक्त वऱ्हाडी माणसाच्या अंगात गेलेलं चालतं, तर माझ्या अंगात मद्रासी माणसाचं का चालू नये, असं दादाने माझ्या काकांना समजावलं. काकांना शंका प्रकृतीची नव्हती, सोयरिकीची होती.

मला लागतं ते औषध नसेतून देतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे चारशे ते सहाशे मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. कारण ही प्रतिपिंडं उसनी आणलेल्या साखरेसारखी असतात, वापरात संपतात. साधारण तीन आठवड्यांत निम्मी. मग पुन्हा वाटी घेऊन दारात उभं राहायचं. परदेशात बरेच जण दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली घरच्या घरी टोचून घेतात, लहान पंप लावून स्वयंपाकही करतात म्हणे. माझं मात्र महिन्याचं एक गाव ठरलेलं आहे, अकोला. डॉक्टर तिथले आणि वहिनीच्या हातचं वांग्याचं भरीतही तिथलंच.

औषधाची बाटली नागपूरहून ट्रॅव्हल्सने येते. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या जेलच्या पिशव्यांमध्ये. डब्यावर लिहिलेलं असतं: दोन ते आठ अंश सेल्सियस. मे महिन्यात अमरावतीच्या स्टँडबाहेर पंचेचाळीस अंशांत उभं राहून हे वाक्य वाचावं, त्यासारखी करमणूक नाही. ड्रायव्हर डबा देताना हमखास विचारतो, “मॅडम, याच्यात मच्छी हाय का?” घरी आणल्यावर तिला फ्रीजमध्ये मानाची जागा. फ्रीजरला चिकटून चालत नाही, गोठली तर वाया जाते. दारात चालत नाही, दार दिवसभर उघडझाप. त्यामुळे कैरीच्या पन्ह्याची बरणी उठते, ताकाचं भांडं उठतं. एका बाटलीची किंमत घरात मी कुणाला सांगितलेली नाही. सासूबाईंना कळली तर त्या तिला फ्रीजमधून काढून देव्हाऱ्यात ठेवतील, आणि देव्हाऱ्याचं तापमान चाळीस असतं.

मग अकोल्याचा प्रवास. ही बाटली हलवायची नसते, आतल्या प्रथिनाला फेस येतो. अमरावती-अकोला रस्त्याची ज्यांना जुनी ओळख आहे त्यांना यातला विनोद लगेच कळेल. कित्येक वर्षं तो रस्ता खोदलेलाच होता. कामं सुरू व्हायची, थांबायची, धूळ तेवढी चालू राहायची. मी डबा मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक खड्ड्याला तो दोन्ही हातांनी अधांतरी उचलायची. बाळाला घेऊन निघालेली बाई वाटून एकदा कंडक्टरने पुढची सीट दिली होती. आणि मग जून २०२२ मध्ये चमत्कार झाला. याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस बुकात विक्रम नोंदवला गेला. आधीचा विक्रम कतारचा होता, तो आपण मोडला. तेहतीस मिनिटांपर्यंत हिशेब ठेवला. त्याआधीच्या वर्षांचा हिशेब कुणी गिनेसला पाठवला नाही, नाहीतर तोही लागला असता. माझ्या बाटलीला मात्र तेव्हापासून फेस नाही.

दवाखाना छोटा आहे. औषध चढवण्याआधी बाटली बाहेर काढून ठेवायची असते. ‘खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी’ असं आतल्या कागदावर छापलेलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याची खोली अकोल्यात नव्हती. सिस्टर कूलरसमोर बाटली ठेवतात आणि मला म्हणतात, “काकू, हिला अन् तुमाले एकाच हवेत ठेवते.” मग एक पॅरासिटामॉल, एक अ‍ॅव्हिल, भरपूर पाणी आणि सुई. सुरुवातीला थेंब अगदी सावकाश. घाई केली की डोकं दुखतं, हुडहुडी भरते. दर थोड्या वेळाने ताप, नाडी, रक्तदाब पाहून वेग वाढवतात. चार-सहा तास जातात. अ‍ॅव्हिलने डोळ्यांवर झापड येते, पण झोपू कोण देतं? शेजारच्या खाटेवर दर खेपेला नवा माणूस आणि वऱ्हाडी माणूस शेजारच्याची चौकशी केल्याशिवाय स्वतःचं सलाइनही सुरू होऊ देत नाही.

एकदा मूर्तिजापूरकडचे एक आजोबा होते, कापसाचे शेतकरी. बराच वेळ माझ्या बाटलीकडे बघत राहिले.

“काय चढवून रायले वं बाई तुले?”

“आजोबा, माझ्या अंगात रोगाशी लढणारं तयार होत नाही. ते दुसऱ्यांच्या रक्तातून काढून देतात.”

“एकाच्या?”

“नाही. हजाराहून जास्त लोकांचं एकत्र करतात.”

आजोबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. मग पलीकडच्या खाटेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हजार मानसाईचं घेऊन बी बाई अशी वाळलेली! आमच्याकडं एका म्हशीच्या दुधावर पोट्टे पैलवान झाले.”

पण हजारांचं हे अगदी खरं आहे. एका खेपेच्या औषधासाठी किमान हजार दात्यांचा रक्तद्रव एकत्र केलेला असावा असा दंडक आहे, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून कितीतरी जास्त असतात. कारण सरळ आहे. एकाने गोवर काढलेला असतो, एकाने कांजिण्या, एखाद्याला फक्त गावठी सर्दीच सर्दी. प्रत्येकाच्या रक्तात त्याच्या आजारपणाची आठवण शिल्लक असते. सगळ्यांची मिळवली तर शहाण्या माणसाला लागतात तेवढ्या आठवणी जमतात. अर्थात त्याआधी प्रत्येक दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासतात, आणि कारखान्यात विषाणू मारायच्या पायऱ्या वेगळ्या.

हे समजल्यापासून माझ्या स्वभावात फरक पडला. पूर्वी लोकांच्या दुखण्याच्या गोष्टींचा मला मनस्वी कंटाळा यायचा. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी आणि बिट्ट्या येईपर्यंत दुसरं बोलणंच नसतं. “मले बावन्न दिवसाचा टायफॉइड झाला होता.” “आमच्या बाबूले गोवर असा उठला की डोये दिसेनात.” मी मान वळवून रुखवत बघायची. आता मी पाट ओढून पुढे सरकते. किती दिवस होता? दोन्ही गाल सुजले होते का? मावशी हरखतात. आपल्या दुखण्यात एवढा रस घेणारं माणूस त्यांना जन्मात भेटलेलं नसतं. त्यांना काय माहीत की मी भागधारक म्हणून चौकशी करते आहे. त्यांनी सोसलेलं आजारपण वाया गेलेलं नाही, आणि निदान तत्त्वतः त्याचा लाभांश मला मिळू शकतो, हे सांगितलं तर मंडपात उगाच गैरसमज व्हायचा.

रक्तदान शिबिरांच्या फ्लेक्सबद्दलही तसंच. राजकमल चौकात कुण्या भाऊंच्या, दादांच्या, साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. भाऊ मोबाइलवर बोलताना, भाऊ गॉगल लावून, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे चेहरे, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘भव्य रक्तदान शिबिर’. सगळं गाव त्या फ्लेक्सला शिव्या घालतं. मी थांबून वाचते. शिबिरातल्या रक्तातून लाल पेशी वेगळ्या होतात, प्लेटलेट वेगळ्या होतात, रक्तद्रव उरतो. रक्तपेढीला लागत नाही तो कारखान्यात जातो. भाऊ पडले काय, निवडून आले काय, त्यांच्या वाढदिवसाला केळं-बिस्कीट खाऊन घरी गेलेला एखादा कार्यकर्ता माझ्या बाटलीत असू शकतो. विरोधी पक्षाचाही असेल. एरवी एका ओट्यावर बसणार नाहीत, एकमेकांच्या घरचं पाणी पिणार नाहीत, पोटजातीवरून सोयरीक मोडतील अशी मंडळी त्या काचेच्या बाटलीत निमूट एकत्र नांदतात आणि माझ्या डाव्या हातातून आत जातात. गाडगेबाबांनी खराटा घेऊन गावोगाव जे सांगितलं ते अमरावती जिल्ह्याने किती ऐकलं, हा वेगळा प्रश्न. कारखान्यातल्या टाकीला मात्र ते सांगावं लागत नाही.

उसन्या मालाचे काही घोटाळेही होतात. एका छोट्या शस्त्रक्रियेआधी कुणीतरी सवयीने माझ्या चाचण्या केल्या. कावीळ-ब होऊन गेल्याची खूण निघाली, आणखी दोन विषाणूंच्या खुणा निघाल्या. तरुण डॉक्टर गंभीर चेहऱ्याने आत आले. मी म्हटलं, “डॉक्टर, ते माझं नाही.” असं उत्तर त्यांनी परीक्षेसाठी वाचलेलं नव्हतं. बाटलीतून आलेली प्रतिपिंडं चाचणीत दिसतात आणि रुग्णाने जन्मात न भोगलेले आजार त्याच्या नावावर चढतात. आता माझी विडाल पॉझिटिव्ह आली तरी तिचा मान मला मिळणार नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी असेल.

२०२० मध्ये अचानक सगळा देश माझ्या विषयावर बोलू लागला. इतकी वर्षं मी ज्याच्याबद्दल बोलले की लोक घड्याळ बघायचे, ती प्रतिकारशक्ती किराणा दुकानात पुड्यांमधून मिळू लागली. गुळवेलीचे वेल भिंतीवरून गायब झाले. वरुडच्या नणंदेने संत्र्यांची पेटी पाठवली, सोबत निरोप, “रोज चार खा, सुया बंद होतील.” होमिओपॅथीच्या गोळ्या घरोघर आल्या. काढा एवढा उकळला गेला की आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला दालचिनीचा वास लागला. मी सगळं घेतलं. नाही म्हणायला ताकद लागते आणि ती माझ्याकडे ग्रॅमवर मोजून येते. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट इतर जागांच्या आधी आमच्याच अमरावतीत उठली, शहर पुन्हा बंद झालं आणि बाटलीचा अकोल्याचा प्रवास पासवर होऊ लागला.

त्या दिवसांत मला बाटलीची एक खोड कळली. दात्याने रक्तद्रव दिल्यापासून औषध होऊन हाती पडेपर्यंत सात-आठ महिने जातात, कधी वर्षही. म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कायम शिळं वर्तमानपत्र वाचते. सगळं गाव करोनाने खोकत होतं तेव्हा माझ्या बाटलीतल्या लोकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. ते निवांत होते, गोवर आणि कांजिण्यांच्या गप्पा मारत. पुढे जगभरातल्या तपासण्यांत दिसलं की या औषधात करोनाची प्रतिपिंडं हळूहळू उतरू लागली, मग वाढत गेली. शेजारपाजारी ज्या तापाने पडले होते, लशीनंतर ज्यांचे दंड दुखले होते, त्या सगळ्यांचं भोगणं उशिराने का होईना पोचलं. मी स्वतःही लस घेतली. प्रतिपिंडं फारशी तयार होणार नव्हती, पण टी पेशी वेगळ्या खात्यात काम करतात आणि तिथली मंडळी निदान हजेरी तरी लावतात.

पैशांचं फार लिहीत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात आमच्यासारख्यांचं नाव आलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही हे इम्युनोग्लोब्युलिन आहे. यादीतून ते अकोल्यापर्यंत यायला जो रस्ता लागतो त्याचं डांबरीकरण अजून व्हायचं आहे. तोवर माझ्या पगाराचा मोठा हिस्सा दर महिन्याला थेंबाथेंबाने माझ्याच हातात परत येतो.

गेल्या वर्षी दादाचा मुलगा अठरा वर्षांचा झाला. कॉलेजात रक्तदान शिबिर होतं आणि त्याला त्यात भाग घ्यायचा होता. लहानपणापासून तो मला कूलरपुढे बाटली लावून पडलेली बघत आलेला. वजन किमान पंचेचाळीस किलो लागतं, त्याचं चव्वेचाळीस भरत होतं. महिनाभर वहिनीने त्याला तुपातल्या पोळ्या चारल्या. शिबिराच्या आदल्या रात्री जेवताना तो माझ्या शेजारी येऊन बसला.

“आत्या, उद्याचं रक्त तुह्यासाठी.”

मी त्याला सगळं खरं सांगितलं. लाल पेशी इथेच कुणाच्या तरी कामी येतील, एखाद्या बाळंतिणीला, एखाद्या अपघातातल्या पोराला. रक्तद्रव कारखान्यात गेलाच तर हजारोंच्या टाकीत मिसळेल, वर्षभराने निघेल, केरळात जाईल नाहीतर आसामात. माझ्यापर्यंत यायची आशा नाही. पोराचा चेहरा उतरला. “मंग तुले कोनाचं भेटते?”

“असंच कोनाच्या तरी आत्यासाठी दिलेलं.” त्याने थोडा विचार केला आणि ताटाकडे वळला. मला राहवलं नाही.

“ते जाऊ दे. तुले लहानपनी कांजिन्या झाल्या होत्या नं?”

“हाव. अन् गालफुगी बी. दोन्ही बाजूनं.”

“शाबास,” मी म्हटलं, आणि वहिनीला त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढायला सांगितली.